सोमवार-गुरुवारचा वर्ग

३ ऑगस्ट, रविवार

आज वर्ग नव्हता. तरी साडेआठला लॅपटॉप वाजला आणि पडद्यावर जनी. एकटीच. बाकीच्या कुठे आहेत विचारलं तर म्हणाली, भाताची आवणी चाललीय गुरजी, सगळ्या दमल्यात. मग तू नाही का दमलीस, म्हटलं, तर नुसती हसली. वही आणलेली नव्हती. वर्ग सोमवारी आणि गुरुवारी असतो हे मी शंभराव्यांदा सांगितलं. तिने शहाण्यासारखी मान डोलावली आणि विचारलं, आज घरी भाजी कसली केली होती.

ही वही मी चिडचिड ओतायला केली आहे. घरात ओतली की मुलाचा, धम्मानंदचा चेहरा पडतो आणि सून स्नेहल चहा करायला उठते. दोन्ही मला नको आहे.

माझी सगळी नोकरी सह्याद्रीतल्या एका आदिवासी महाविद्यालयात गेली. खातं कोणतं, तर आजीवन अध्ययन व विस्तार. स्टाफरूममध्ये त्या 'विस्तार'वरून माझ्या पोटाकडे बघून कोट्या व्हायच्या. काम मात्र साधं होतं. ज्यांचं शिकायचं वय उलटून गेलं असं लोक समजतात, त्यांच्या दारात कॉलेज नेऊन ठेवायचं. निवृत्त होऊन मुलाकडे सिंगापूरला आलो तरी करंजपाड्याच्या बायकांचा वर्ग मी सोडला नाही. कॉलेजने तिथल्या समाजमंदिरात एक टॅब्लेट आणि इंटरनेटची डबी बसवून दिली. तिकडे सहा वाजता दिवे लागतात, इकडे साडेआठला मी टेबलाशी बसतो.

एप्रिलपर्यंत या बायका घोळक्याने यायच्या, एकमेकींच्या डोक्यावरून पडद्यात बघायच्या. एप्रिलनंतर काय बिनसलं देव जाणे, म्हणजे देव नाही, पण कोणी तरी जाणे. आता ठरल्या दिवशी जेमतेम एखादी आणि ज्या दिवशी वर्ग नाही त्या दिवशीही एखादी. शिस्त म्हणून नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

वर्गाचा दिवस. आल्या दोघी, त्यातली एक लेकराला पाजत होती.

नंतर प्राचार्य प्रतापरावांचा फोन. हे माझ्याच हाताखाली व्याख्याता म्हणून लागले होते, त्यामुळे मला दुखवताना फार गोड बोलतात. विद्यापीठाची समिती एकवीस तारखेला विस्ताराची केंद्रं बघणार आहे. जिथे वर्ग भरत नाही ते केंद्र बंद. "सर, तुमच्या पाड्याचं मला कठीण दिसतंय," ते म्हणाले. मी म्हटलं, त्या दिवशी समाजमंदिरात बसायला जागा पुरणार नाही.

बोललो खरा. हा वर्ग गेला तर मी इथे कोण? आठव्या मजल्यावरचा एक म्हातारा, ज्याच्या इथे राहण्याच्या पासवर लिहिलेलं आहे की याने नोकरी करू नये.

७ ऑगस्ट, गुरुवार

फक्त सुकरीबाई. पाड्यातली सगळ्यांत वडीलधारी, टॅब्लेट तिच्याच ताब्यात असतो. मी समितीचं सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, गुरजी, खाली फिरायला जाता का? मी म्हटलं, सुकरीबाई, पान चौदा काढा. म्हणाली, ते तर मला पाठ आहे. आणि खरंच घडाघडा म्हणून दाखवलं. मग हिला यायचं तरी कशाला असतं, हा प्रश्न माझ्या मनात आला, पण प्राध्यापकाने विद्यार्थ्याला असं विचारू नये. विचारलं की येणं थांबतं.

जेवताना धम्मानंदने विषय काढला. बाबा, आई गेल्यापासून तुम्ही त्या वर्गाच्या फार मागे लागलाय, जरा दम घ्या. मी म्हटलं, वर्गाचा आणि त्याचा काही संबंध नाही. नव्हताच. ते झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी वर्ग घेतला होता. जलदानविधीला विहारात सगळे बसले होते, भंते बोलत होते, आणि मी घड्याळ बघून उठलो, कारण गुरुवार होता. त्या दिवशी पडद्यावर पाड्यातलं झाडून सगळं आलं होतं, बाप्येसुद्धा. मी जोडाक्षरं घेतली. कोणी एक शब्द बोललं नाही. आदर्श वर्ग होता तो.

त्या गोष्टीबद्दल या वहीत लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

इथला राष्ट्रीय दिन. ब्लॉकच्या प्रत्येक गॅलरीला लाल-पांढरा झेंडा, डोक्यावरून विमानं. तिकडे आज आदिवासी दिन, तालुक्याला मिरवणूक, तारप्याचं वाजवणं, नाच. मी खूश होतो की आज तरी कोणी येणार नाही आणि मला शांतपणे समितीसाठी टिपण करता येईल.

साडेआठला चिमी हजर. डोक्यात फुलं, गालाला रंग, धापा टाकतेय. मिरवणूक अर्ध्यात सोडून जीपच्या टपावर बसून आली म्हणे. का? तर आज तिची पाळी. कसली पाळी विचारणार होतो, पण ती मैत्रेयीशी बोलण्यात गुंगली. माझी नात मराठी समजते सगळं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीत देते. चिमी तिला फुलं दाखवत होती आणि ही म्हणत होती, सो प्रिटी लाह.

नंतर मैत्रेयीने मला विचारलं, "आजोबा, व्हाय दे ऑल्वेज आस्क व्हॉट यू ईट?" मी म्हटलं, अभ्यास टाळायला. मुलांना हे लवकर कळायला हवं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज कडक झालो. सुकरीबाईला सांगितलं, सोमवार आणि गुरुवार सोडून टॅब्लेट सुरू करायचा नाही. रोजच्या रोज एकेकीने येऊन माझा आणि आपला वेळ घालवायचा नाही. यायचं तर सगळ्यांनी मिळून, ठरल्या दिवशी, वहीसकट. मग म्हणाली, तसं नाही ना चालत गुरजी. काय चालत नाही, विचारलं, तर रेंज गेल्याचं निमित्त करून उठून गेली.

आयुष्यभर या लोकांची बाजू घेऊन सरकारी साहेबांशी भांडलो. आज पहिल्यांदा वाटलं की साहेब म्हणायचे त्यात काही तरी असेल. असं वाटल्याची लाज वाटते, म्हणून लिहून ठेवतो.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज बुधी. माझं ऐकतंय कोण.

१७ ऑगस्ट, रविवार

झोप नाही. प्रतापरावांनी मेसेज केला की समितीत सुचित्रा मॅडम आहेत, त्या बायकांशी थेट बोलतात, तयारी करून घ्या.

पुन्हा जनीची स्वारी. आज मी रागावलो नाही, रागवायला बळच नव्हतं. हात जोडले. सरळ सांगितलं की जने, हा वर्ग बंद पडला तर माझ्याकडे दुसरं काही नाही. सकाळी उठून मी काय करणार हे मला माहीत नाही. सगळे कामावर जातात, पोर शाळेत जाते आणि मी संध्याकाळची वाट बघतो. एवढं बोलून मलाच कसंतरी झालं. विद्यार्थिनीसमोर असं कधी बोललो नव्हतो.

तिने पदराने डोळे पुसले. म्हणाली, "गुरुवारी सगळ्या येतो गुरजी. तुमच्या गळ्याशपथ."

आज बऱ्याच दिवसांनी दोन घास जास्त गेले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

लिहायला हात उचलत नाही. पण जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे उद्या मला कोणी सांगू नये की मी वाढवून सांगतो.

सगळ्या आल्या होत्या. घोळक्याने, धुतलेली लुगडी नेसून, मांडीवर वह्या. समाजमंदिर भरून दारात माणसं उभी. मी इकडे कोट घातला होता. स्नेहलने ऑफिसमधून लवकर येऊन लॅपटॉपच्या मागे दिवा लावून दिला. समितीतले तिघे खुर्च्यांवर, बाजूला प्रतापराव. बुधीने फळ्यावर नाव लिहिलं. चिमीने बसची पाटी वाचली, औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचला. सुचित्रा मॅडम मान डोलावत होत्या. मी सवयीने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, सांगायला.

मग मॅडमनी सुकरीबाईला जवळ बोलावलं आणि मायेने विचारलं, आजी, तुम्ही इथे कशासाठी येता?

सुकरीबाईने एकदा माझ्याकडे बघितलं. "शिकून तर झालं बाय," ती म्हणाली, "मागल्या साली. आता आम्ही गुरजींपाशी बसायला येतो."

मॅडमना वाटलं तिला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे अभ्यास करायला ना? सुकरीबाई म्हणाली, नाही, बसायला. मी इकडून ओरडलो, सुकरीबाई, नीट सांगा. तिने मान खाली घातली पण शब्द बदलला नाही. मॅडमनी जनीला विचारलं. जनी, जिने माझ्या गळ्याची शपथ घेतली होती, तीही म्हणाली, बसायला. रोज येतो, एकेक. शिकायला नाही.

प्रतापराव हसून म्हणाले, सर, हा वर्ग आहे का भजनी मंडळ? समितीतला एकजण हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पेनला टोपण लावलं ते मला दिसलं.

पुढे काय झालं ते सांगायला नको. केंद्र बंद. टॅब्लेट आणि डबी समितीच्याच गाडीतून कॉलेजला परत गेली.

मी त्यांना अक्षर दिलं. सही करायला शिकवलं, अंगठ्याची शाई पुसायला लावली. आणि एक शब्द, फक्त एक शब्द माझ्यासाठी वेगळा बोलायचा होता. नाही बोलल्या. आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता, आणि तो माझ्याच माणसांनी केला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

साडेआठला सवयीने टेबलाशी जाऊन बसलो. मोबाइल वाजला. भारतातला अनोळखी नंबर, व्हिडिओ कॉल. उचलला तर पडद्यात नुसता पाऊस आणि मधे जनीचा चेहरा. मी कट केला.

२४ ऑगस्ट, रविवार

काल एक नंबर, आज दुसरा. दोन्ही कट केले. माफी मागायची असेल. मला त्यांची माफी नको आहे.

संध्याकाळी दूध आणायला उतरलो. चिनी लोकांचा पितरांचा महिना सुरू झालाय, ब्लॉकखाली पत्र्याच्या पिंपात कागद जाळत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आंटीने मला थांबवलं. ही आंटी आणि धम्मानंदची आई सकाळी हॉकर सेंटरला, खालच्या खाण्याच्या ठेल्यांपाशी, एकत्र कॉफी प्यायच्या. एकीला इंग्रजी येत नव्हतं, दुसरीला मराठीशिवाय काही येत नव्हतं, आणि तासभर गप्पा. आंटीने हातातलं संत्रं दाखवून खुणेनेच विचारलं, तिच्या नावाने ठेवू का? मी म्हटलं, नो नीड, आम्ही हे मानत नाही. बरोबर तेच सांगितलं. मग लिफ्टमध्ये शिरलो आणि कितवा मजला दाबायचा ते आठवेना. दार उघडायचं, मिटायचं. शेवटी कोणीतरी आत आलं आणि त्याने विचारलं, अंकल, विच फ्लोअर?

दूध खालीच राहिलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

धम्मानंदला म्हटलं, मला परत पाठव. पाड्याला नाही, तिथे आता कोणत्या तोंडाने जाऊ. कुठेही पाठव. तो म्हणाला, तिथे एकटे कसे राहाल बाबा? मी म्हटलं, इथे कुठे कोण आहे? हे बोलायला नको होतं. तो उठून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. माझा मुलगा वन-नॉर्थ भागातल्या प्रयोगशाळेत रोज नवी औषधं तपासतो, आणि बापाला काय द्यावं ते त्याला कळत नाही. मला तरी कुठे कळतं?

दिवसभर पडून होतो. भिंतीवरचे बाबासाहेब बघत होते. त्यांच्याकडे पाठ करून झोपलो. शिक्षण, शिक्षण म्हणून मी एवढा जन्म ओढत आणला. शेवटी हातात काय, तर घरातल्यांना माझी भीती वाटते आणि पाड्यातल्यांना माझी गरज नाही. उद्या उठलो नाही तरी कोणाचं काही अडणार नाही.

साडेआठला फोन वाजला. उशीखाली ढकलला. वाजून वाजून थांबला.

३० ऑगस्ट, शनिवार

धम्मानंद, स्नेहल मैत्रेयीला घेऊन बाहेर गेले होते. फोन वाजला. म्हटलं, एकदाचं तोंडावर सुनावावं आणि संपवावं. उचलला.

सुकरीबाई होती. डोक्यावर इरलं, मागे पाण्याची सिमेंटची टाकी, धो धो पाऊस. मला ती टाकी माहीत आहे. पाड्याच्या वर, चढ असा की मी तरुणपणीही दोनदा बसून चढायचो. आता समाजमंदिरात डबी नाही, मोबाइलला रेंज फक्त तिथे मिळते. सुकरीबाईचे गुडघे गेलेत, ती जमिनीवर टेकली होती आणि तिला बोलायला दम पुरत नव्हता.

मी तरी ओरडलोच. वर्ग बंद झाला ना? तुम्हीच केलात ना? मग आता रोज कशासाठी फोन करता?

"विचारलंत, बरं झालं गुरजी," ती म्हणाली. "विचारल्याबिगर सांगायचं नसतं."

मग दम खात खात तिने सांगितलं. त्यांच्या पाड्याची रीत आहे. ज्या घरात मरण होतं, त्या घरी दिवेलागणीला पाड्यातलं एक माणूस जाऊन बसतं. रोज, वर्षभर. पाळी लावलेली असते, एका घराने एक दिवस. फार काही बोलायचं नाही. जेवला का, झोपला का, एवढं विचारायचं. कारण दिवा लावायच्या वेळेला घरात माणूस कमी आहे हे जास्त कळतं. घोळक्याने जायचं नाही, त्याने दुखवट्याच्या घराला शीण होतो. आणि बसायला आलेल्याने दुसरं काम सांगायचं नाही. कोणी विचारलं तरी बसायलाच आलो म्हणायचं. दुसरं काही म्हटलं तर आजवरचं सगळं बसणं फुकट जातं, पहिल्यापासून बसावं लागतं.

"त्या मॅडमला काय सांगणार होते मी?" ती म्हणाली. "तुम्ही ओरडलात तवा जीव तुटला माझा. पण तुमच्या घरच्या बाईचं बसणं कसं मोडायचं? तुमचं घर लांब आहे गुरजी, चालत येता येत नाही. म्हणून असं बसतो."

बावीस तारखेपासून त्या रोज एकेक, या पावसात, तो चढ चढून टाकीपाशी येत होत्या, आणि मी फोन कापत होतो. जनी, बुधी, चिमी. पहिल्या दिवसानंतर नंबर कोणाचा ते मी बघितलंसुद्धा नव्हतं. मी एवढंच विचारलं की मी फोन कट केल्यावर तुम्ही काय करत होतात. तर म्हणाली, काय करायचं, तेवढा वेळ फोनपाशीच बसून राहायचो, मग उतरायचो. तुम्ही उचललं नाही तरी बसणं बसणंच आहे.

तेव्हा मी रडलो. एप्रिलमध्ये नंदा गेली त्या दिवशी रडलो नव्हतो, विहारात नाही, स्मशानात नाही. म्हाताऱ्या माणसाचं रडणं कसं दिसतं ते मला माहीत आहे, मी तोंड झाकून घेतलं. सुकरीबाई उगी, गप, असंही म्हणाली नाही. इरल्यावर पाऊस वाजत होता तेवढा ऐकू येत होता. नंतर मीच बोलायला लागलो. ओट्यापाशी नंदा कशी खाली बसली, मी बाहेर वर्गाची तयारी करत होतो, तिने हाक मारली तेव्हा मी "एक मिनिट" म्हणालो, ते सांगितलं. हे धम्मानंदला माहीत नाही. कोणालाच माहीत नव्हतं. सुकरीबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आज काय जेवलात? मी म्हटलं, काही नाही. म्हणाली, पोरं आली की जेवा.

तिकडे अंधारायला लागलं होतं. चढ उतरायचा तर तिला निघायला हवं होतं. मी विचारलं, उद्या कोणाची पाळी? ती म्हणाली, जनीची.

म्हटलं, जनीला सांगा, मी फोन उचलेन.